आण्णांच्या खुर्चीवरची जाळी

पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमागे सिंगापूरला गेले आणि तिथे पुढची अकरा वर्षं लोकांच्या छताला कान लावत हिंडले. माझ्या कामाचं याहून खरं वर्णन मला करता येत नाही. सून काय करते असं कुणी विचारलं, की माझ्या सासूबाई "एअरकॉनच्या कंपनीत आहे" एवढं सांगून चहा टाकायला उठत. त्यांचा दोष नाही. "मी परतीच्या हवेचा आवाज कमी करते," असं सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आमची कंपनी बुकित बातोकच्या औद्योगिक भागात होती. दोन गाळे, एक व्हॅन, आठ माणसं. मालक मिस्टर गोह. त्यांनी मला घेतलं तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, "आवाजाच्या तक्रारी तू बघायच्या. माझ्या माणसांना त्या आवडत नाहीत." का आवडत नाहीत ते मला पहिल्या महिन्यात कळलं. पाणी गळत असेल तर ते दिसतं. खोली गार होत नसेल तर थर्मामीटर लावता येतो. आवाज मात्र ज्याला छळतो त्यालाच ऐकू येतो, आणि मेकॅनिक दारात उभा राहिला की तोही शहाण्यासारखा गप्प बसतो.

तर परतीची हवा म्हणजे काय, ते आधी सांगते. एअरकॉन बाहेरून नवी हवा आणत नाही. खोलीतलीच हवा ओढून घेतो, गार करतो आणि पुन्हा खोलीत सोडतो. भिंतीवर टांगलेल्या साध्या मशीनमध्ये हे सगळं एकाच डब्यात होतं. पण जुन्या कॉन्डोंमध्ये, म्हणजे खासगी सोसायट्यांतल्या फ्लॅटमध्ये, किंवा बंगल्यांमध्ये मशीन छताआड दडवलेलं असतं. गार हवा एका जाळीतून खाली येते आणि खोलीतली हवा दुसऱ्या जाळीतून वर ओढली जाते. ही दुसरी जाळी म्हणजे रिटर्न. थंड देशांत घर गरम करणाऱ्या यंत्रांनाही अशीच जाळी असते आणि तिथेही तिच्या नावाने हीच रड असते. गार हवा सोडणाऱ्या जाळीचं सगळे कौतुक करतात. रिटर्नची जाळी मात्र छत सुंदर दिसावं म्हणून जमेल तितकी लहान करतात. मग नाक चोंदलेला माणूस जसा घोरतो तसं ते मशीन घोरायला लागतं. त्यात पंखा जाळीच्या अगदी मागे असेल तर त्याची घरघर थेट खोलीत उतरते, आणि मशीन छताला घट्ट आवळलेलं असेल तर सगळं छतच गुणगुणतं. औषधं त्याप्रमाणे तीन: तोंड मोठं करायचं, हवेला आतून मऊ अस्तर लावलेल्या डब्यातून एक वळण द्यायचं, आणि मशीनला रबरावर टांगायचं. एवढीच माझी विद्या.

एक चूक कबूल करून टाकते. पहिल्याच वर्षी सेंगकांगच्या एका कॉन्डोत गेले होते. बाई एकट्या राहायच्या, नुकतीच त्यांची आई गेली होती. "पॅसेजमध्ये कुणीतरी रडल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. मी मशीन चालू केलं, पाच मिनिटं ऐकलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "मॅडम, हा नॉर्मल आवाज आहे." त्या बिचाऱ्या थँक यू म्हणाल्या. दीड वर्षानं त्याच फ्लॅटमधल्या नव्या भाडेकरूंनी बोलावलं. या वेळी मी जाळी उघडली. आत पत्र्याच्या जोडाला बोटभर फट होती आणि हवेचा जोर वाढला की तिथून बारीक, लांब, हुंदक्यासारखा सूर निघत होता. पाच मिनिटांत टेप लावून तो बंद केला. त्या बाईंचा जुना नंबर लागला नाही. त्या दिवसापासून "नॉर्मल" हा शब्द मी कामावर उच्चारला नाही.

आता ज्या घरासाठी हे लिहायला बसले त्या घराकडे येते.

बुकित बातोकलाच, आमच्या गाळ्यापासून बसने चार स्टॉपवर, एका जुन्या कॉन्डोत प्रसाद नावाचा आयटी मॅनेजर भाड्याने राहत होता. मूळचा सोलापूरचा, पुण्यात शिकलेला. त्याची तक्रार ईमेलने आली आणि सोबत एक्सेल शीट होती. मोबाइलवरच्या ॲपने त्यानं चार दिवस, दर दोन तासांनी, हॉलमधला आवाज मोजून ठेवला होता. कारणही लिहिलं होतं: घरून कॉल घेतले की समोरचे विचारतात, तू विमानतळावर आहेस का?

शनिवारी सकाळी मी आणि सेल्वम गेलो. सेल्वम आमचा सगळ्यात हुशार मेकॅनिक. मलेशियातला तमिळ, घर जोहोरला. रोज पहाटे मोटरसायकलवरून पूल ओलांडून वुडलँड्समार्गे कामावर यायचा आणि तरी माझ्या आधी हजर असायचा.

दार उघडलं तेव्हाच आवाज अंगावर आला. हॉलमध्ये नवं कोरं फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले दिवे, आणि एका कोपऱ्यात रिटर्नची जाळी. जाळी कसली, चार बोटं रुंदीची एक चीर. तिच्या बरोबर खाली वेताच्या खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, पायजमा, मांडीवर हात.

"हे माझे वडील, आण्णा," प्रसाद म्हणाला. मी नमस्कार केला. त्यांनी हसून मान हलवली.

"कसे आहात?" मी विचारलं.

"हो, हो," आण्णा म्हणाले.

"किती दिवस झाले इथे येऊन?"

"जेवलो की. आत्ताच."

प्रसादनं माझ्याकडे न बघता लॅपटॉप उचलला आणि तो आतल्या खोलीत गेला.

स्वयंपाकघरात त्याची बायको ऋतुजा चहा करत होती. मराठी बोलणारी मेकॅनिक बाई पहिल्यांदाच बघितली म्हणून ती मोकळी झाली असावी. "ताई, आण्णांचं तुम्ही बघितलंतच," ती म्हणाली. "आई गेल्यावर इथे आणलं. आधी चांगले होते. आता काही विचारलं तर भलतंच उत्तर देतात. मागच्या महिन्यात दोन स्टेशनं जाऊन यायला म्हणून एमआरटीत बसले आणि वुडलँड्सला सापडले. चार तास. माझा जीव राहिला नव्हता हो."

"ऐकू कमी येतं का?"

"कानातली मशीनं घेतलीत ना, दोन्ही कानांना. अर्धा तास लावतात आणि काढून डबीत ठेवतात. डोकं उठतं म्हणतात. डॉक्टरांनी विसराळूपणाची तपासणी करायला सांगितलीय. पण प्रसादला आता धीर राहिला नाही. आम्ही दोघं दिवसभर कामावर, लेक इरा शाळेत." तिनं आवाज खाली आणला. "पुढच्या रविवारचं तिकीट काढलंय. सोलापूरला माझ्या नणंदेच्या घराजवळ वृद्धांचं निवास आहे, तिथे खोली मिळालीय."

"आण्णांना माहीत आहे?"

"प्रसादनं तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा हो म्हणाले."

मी हॉलमध्ये आले. सेल्वमनं शिडी लावली होती. आण्णांना बाजूच्या सोफ्यावर बसवलं. पाहुणे आले म्हणून त्यांनी कानात यंत्रं घातली होती आणि आता कपाळाला आठ्या घालून ती काढायच्या बेतात होते. मी शिडीवर चढले, सेल्वमनं मशीन बंद केलं. पंखा गरगरत थांबला आणि हॉल एकदम शांत झाला.

जाळीचे स्क्रू काढायला खिशात हात घातला तर स्क्रूड्रायव्हर नव्हता. मी ऋतुजाला नेहमीच्या आवाजात म्हटलं, "माझा पिवळा स्क्रूड्रायव्हर कुठे राहिला बघ ना."

"खुर्चीखाली पडलाय की," आण्णा म्हणाले.

ऋतुजाच्या हातात चहाचा ट्रे होता. ती तशीच उभी राहिली.

मी शिडीवरूनच विचारलं, "आण्णा, तुम्ही सोलापुरात काय करत होता?"

"जॉबर होतो मिलमध्ये. जॉबर म्हणजे मागावरचा मिस्त्री बघा. बत्तीस वर्षं. माझ्या हाताखाली चोवीस माग." मग ते म्हणाले, "कान तिथंच ठेवून आलो. सगळ्यांचेच जातात. आम्ही खात्यात ओठ बघून बोलायचो, नाहीतर हातानं."

ऋतुजानं ट्रे टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

कानातल्या यंत्राची गोष्ट अशी आहे की ते बोलणारं माणूस आणि ओरडणारी जाळी दोघांनाही मोठं करतं. त्या हॉलमध्ये यंत्र घातलं की आण्णांच्या कानात दिवसभर वादळ. काढलं की वादळ बंद, आणि माणसंही बंद. आणि जे ऐकू येत नाही त्याला ते हसून मान हलवत होते. बरं, खुर्ची नेमकी त्या जाळीखाली कुणी ठेवली? त्यांनी स्वतःच. गुडघ्यांवर गार हवा येऊ नये म्हणून त्यांनी हॉलभर फिरून जागा शोधली होती, आणि गार हवा न येणारी जागा एकच होती, रिटर्नखालची. खुर्ची हलवून भागत नव्हतं, ते मी लगेच करून बघितलं. आवाजानं अख्खा हॉल आणि जेवणाची जागा व्यापली होती. खिडकी उघडावी तर समोर इमारतीचं बांधकाम चालू.

सेल्वमनं मशीन पुन्हा सुरू केलं तेव्हा आण्णा उठले. त्यांनी यंत्रं काढून खिशात टाकली, जाळीशेजारच्या भिंतीवर उजवा तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

"मॅडम, दोन आवाज आहेत," ते म्हणाले. "एक वाऱ्याचा. दुसरा पत्र्याचा. वरती कुठंतरी पत्रा थरथरतोय आणि बोल्टनं तो छताला सांगतोय."

मी फक्त वाऱ्याचा विचार केला होता. सेल्वम वर चढला, आत हात घातला आणि शेवटी तिकडचा 'लाह' लावत मला म्हणाला, "बॉस, अंकल इज राइट लाह."

प्रसादला हे सगळं सांगितलं तेव्हा तो जाळीकडे बघत म्हणाला, "एका स्क्रूड्रायव्हरवरून काय ठरतं, मॅडम? वुडलँड्सला ते चार तास बाकावर बसून होते. मी पोलिसांना फोन केला होता. ते चार तास पुन्हा नको आहेत मला." त्याचंही खोटं नव्हतं. तो दुष्ट मुलगा नव्हता. घाबरलेला मुलगा होता. मी एवढंच विचारलं, "तिकिटाच्या आधी काम पूर्ण करून देऊ का?" तो म्हणाला, "करा. मला कॉलसाठी हवंच आहे."

अडलं ते घरमालकिणीपाशी. छत कापायचं तर तिची परवानगी हवी. मिसेस लिम सत्तरीच्या, निवृत्त हेडमिस्ट्रेस, आणि ते छत त्यांनी स्वतः डिझायनर गाठून करून घेतलेलं. फोनवर त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "कॅनॉट. कापायचं नाही. नवीन सीलिंग आहे माझं." गोहसाहेब म्हणाले, "सोड. जाळी पुसून दे, बिल पाठव." एरवी कदाचित मी सोडलंही असतं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, तिसऱ्या दिवशीही केला. बुधवारी बाई वैतागून म्हणाल्या, "ठीक आहे, मी येऊन बघते. बघते फक्त."

त्या आल्या. छत्री कोपऱ्यात ठेवली, छताकडे अभिमानानं बघितलं. ऋतुजा मुद्दाम सुट्टी घेऊन थांबली होती. मी मशीन चालू ठेवून मिसेस लिमना नम्रपणे आण्णांच्या वेताच्या खुर्चीत बसवलं. मग दोन पावलं मागे सरकून, वर्गात बोलावं तशा साध्या आवाजात त्यांच्याशी बोलायला लागले: किती कापणार, कसं कापणार, रंग कोणता देणार.

"हं?" मिसेस लिम म्हणाल्या.

मी तेच पुन्हा सांगितलं.

"व्हॉट? मोठ्यानं बोल."

तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. त्याच वेळी आण्णा समोर आले, त्यांनी बाईंकडे बघितलं, स्वतःच्या कानाकडे बोट केलं, मग जाळीकडे, आणि दोन्ही हात हवेत फिरवून वादळ दाखवलं. शेवटी हात जोडले.

मिसेस लिमनी मान वर करून जाळीकडे बघितलं. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "हे रोज इथे बसतात?"

"रोज. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

"आय्यो." त्या उठल्या. "ओके लाह. काप. पण सुंदर दिसलं पाहिजे. माझ्याकडे पट्टी आहे, मी सरळ रेषा तपासणार."

शुक्रवारी सकाळी काम सुरू केलं. विमान रविवारचं. सेल्वमनं छत कापलं, इतकं सरळ की मिसेस लिमना पट्टी काढायची लाज वाटावी. चार बोटांच्या चिरेच्या जागी जवळजवळ दाराएवढ्या रुंदीची जाळी आली. जाळी आणि पंखा यांच्यामध्ये आतून मऊ अस्तर लावलेला डबा बसवला, त्याला एक काटकोनी वळण दिलं, म्हणजे पंख्याचा आवाज खोलीत डोकावण्याआधी अस्तरावर आपटून विरतो. डबा आणि मशीन यांच्यामध्ये कॅनव्हासचा पट्टा दिला. थरथरणाऱ्या पत्र्याला आण्णांनी दाखवलं तिथे आडवी पट्टी ठोकली. मशीनच्या चारी टांगण्या रबरावर घेतल्या. आण्णा दोन्ही दिवस शिडीखाली उभे होते. सेल्वमला मराठी येत नव्हतं, आण्णांना तमिळ येत नव्हतं, इंग्रजीही जेमतेम. पण मिलमधल्या हातांच्या भाषेला काही अडत नव्हतं. सैल, घट्ट, अर्धा फेरा, थांब: दुपारपर्यंत सेल्वम माझ्याऐवजी त्यांच्याकडे बघून काम करायला लागला होता. मला थोडा राग आला, हे लिहायला हरकत नाही.

शनिवारी अकरा वाजता मशीन सुरू केलं. वारा गेला होता. आणि त्या वाऱ्याआड जो दडला होता तो आवाज आता स्पष्ट ऐकू आला. एक सलग, जाड गुणगुण. आधीपेक्षा लहान, पण आधीपेक्षा त्रासदायक. आण्णांनी यंत्रं घातली, दोन मिनिटं बसले आणि ती काढली.

सगळं पुस्तकाप्रमाणे केलं होतं. आवाज मोजायचा मीटर हातात घेऊन मी हॉलभर फिरले, सेल्वमनं चारी रबर पुन्हा तपासले. काही सापडेना. बाराला प्रसाद खोलीतून डोकावून म्हणाला, "पहिल्यापेक्षा बरंच कमी आहे, मॅडम. पुरे झालं." त्याच्या कॉलसाठी ते खरोखर पुरे होतं.

"पुरे नाही," मी म्हटलं.

आण्णांनी स्टूल ओढलं आणि त्यावर चढले. ऋतुजा "आण्णा, पडाल!" म्हणत धावली, सेल्वमनं त्यांच्या कमरेला धरलं. त्यांनी दोन्ही तळवे छतावर टेकवले आणि लहान मूल भिंतीच्या आधारानं चालतं तसे ते हात सरकवत गेले. उतरायचे, स्टूल पुढे ओढायचे, पुन्हा चढायचे. मशीनपासून लांब, पार जेवणाच्या टेबलापर्यंत गेले. तिथे दिव्यांच्या रांगेपाशी त्यांचे हात थांबले.

"पोरी, इथं," ते म्हणाले. मी "मॅडम"ची "पोरी" कधी झाले ते दोघांनाही कळलं नाही.

"आण्णा, मशीन तिकडे आहे. इथे कसं असेल?"

"माग एकीकडं असतो, पोरी, आणि धागा तुटतो दुसरीकडं. उघड तू."

सेल्वमनं दिवा काढला आणि आत टॉर्च मारला. गार पाण्याचा, जाडसर वेष्टणातला पाइप मशीनपासून तिथवर आला होता आणि छताच्या लोखंडी चौकटीला घासत होता. वेष्टण तेवढ्या जागी झिजून फाटलं होतं. मशीनची थरथर पाइपातून चौकटीला, चौकटीतून सगळ्या छताला. मला ते मशीनजवळ शोधून कधीच सापडलं नसतं. सेल्वमनं पाइप अंगठाभर वर उचलून नव्या पट्ट्यानं बांधला, मध्ये रबराची जाड गादी दिली, आणि स्विच दाबला.

मशीन सुरू झालं हे मला हातावर गार हवा आली तेव्हा कळलं.

मीटर पहिल्या दिवशी पंचावन्न डेसिबलच्या वर गेला होता. आता छत्तीसवर उभा होता. सेल्वमनं तो आकडा बघितला, माझ्या हातावर टाळी दिली आणि मग आण्णांना वाकून नमस्कार केला. मला नाचावंसं वाटत होतं. आण्णांनी यंत्रं घातली. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. ते बसले, एक मिनिट, दोन मिनिटं. कपाळावर आठी आली नाही.

आठ वर्षांची इरा टेबलाशी चित्र रंगवत होती. मान वर न करता ती तिच्या आईला सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ममा, कॅन आय प्ले कॅरम विथ आण्णा ऑर नॉट? ही ऑल्वेज डोन्ट आन्सर वन."

आण्णांनी तिच्याकडे बघितलं. इंग्रजी त्यांना फारसं कळलं नसेल. कॅरम आणि आण्णा एवढं कळलं. पण ते बघत होते दुसऱ्याच कारणानं.

"हिचा आवाज असा आहे होय?" ते ऋतुजाला म्हणाले. "तुझ्या सासूसारखा आहे की गं."

ऋतुजा तोंडाला पदर लावावा तसा हातातला नॅपकिन लावून आत निघून गेली. मी हत्यारं गोळा करायला लागले, कारण मला दुसरं काही सुचेना.

आतल्या खोलीत प्रसाद फोनवर होता. दार अर्धवट उघडं. इतके दिवस त्या घरात दार उघडं ठेवून काहीही बोललं तरी हॉलपर्यंत पोचत नव्हतं, तीच सवय. त्याचा प्रत्येक शब्द आता हॉलमध्ये येत होता.

"...हो ताई, उद्याचं विमान. परवा सकाळी सोलापूरला पोचतील. खोली आहे ना तयार? नाही, त्यांना काही कळत नाहीये, तू काळजी करू नकोस, ते रडणार वगैरे नाहीत..."

मी उठून दार लावायला हवं होतं. उठले नाही. काही गोष्टी आपल्या हातात असून आपण करत नाही, त्यातली ही एक. आणि याबद्दल मला वाईट वाटत नाही.

आण्णा खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले.

"प्रसाद," ते म्हणाले. "कुणाचं तिकीट?"

खोलीत फोन बंद झाल्याचा आवाज आला. प्रसाद दारात आला.

"आण्णा... तुम्हाला ऐकू आलं?"

"कुणाचं तिकीट रे?"

"तुमचं." तो म्हणाला. "मी तीनदा विचारलं होतं, आण्णा. तुम्ही हो म्हणालात."

"मला ऐकू आलं नसेल. लोक भरभर ओठ हलवतात, मी हो म्हणतो. कळलं नाही म्हटलं की सारखं पुन्हा सांगावं लागतं तुम्हाला." त्यांनी एक हात चौकटीवर टेकवला. "तुझ्या आईच्या मागं मी कुणालाच काही पुन्हा सांगायला लावलं नाही. आता विचार."

"आण्णा, वुडलँड्सला..."

"त्या दिवशी गाडी इथवरच म्हणून सगळे उतरले, मीही उतरलो. भोंग्यातलं कळेना, कुणाला विचारलं तर उत्तर कळेना. मग बाकावर बसलो. म्हटलं हलू नये, प्रसाद शोधत येईल. आलास की तू." ते म्हणाले, "विचार आता."

प्रसाद मॅनेजर होता, तीस माणसं त्याच्या हाताखाली होती. तो त्या दारात शाळेतल्या मुलासारखा उभा होता.

"आण्णा, तुम्हाला इथे राहायचंय की सोलापूरला जायचंय?"

आण्णांनी घाई केली नाही. त्यांनी हॉलकडे बघितलं, इराकडे, वरच्या जाळीकडे.

"इथं राहायचंय," ते म्हणाले. "सकाळचा चहा मी करणार. आणि दिवाळीनंतर महिनाभर सोलापूर, तुझ्या ताईजवळ, वृद्धांच्या खोलीत नाही. माझं घर आहे तिथं, कुलूप लावलेलं."

प्रसादनं पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, कारण मी आणि सेल्वम खाली वाकून, आधीच स्वच्छ असलेली फरशी पुसत होतो. मग त्यानं तिथेच उभं राहून विमान कंपनीला फोन लावला आणि तिकीट रद्द केलं. फोनवरच्या पलीकडच्या बाईनं एकदाही "सॉरी, ऐकू आलं नाही" म्हटलं नाही.

नंतरच्या गोष्टी थोड्यात सांगते. डॉक्टरांनी आण्णांची तपासणी शांत खोलीत, यंत्रं घालून केली. वयाच्या मानानं ठीक, एवढंच निघालं. मिसेस लिम नवं छत बघायला आल्या तेव्हा पट्टी आणायला विसरल्या नव्हत्या. गोहसाहेबांनी मला त्या कामात किती वेळ घालवलास म्हणून झापलं आणि महिनाभरानं त्याच कॉन्डोतली आणखी सहा घरं आमच्याकडे आली तेव्हा "गुड, गुड" म्हणाले. मी अकरा वर्षांत मोठमोठी कामं केली, त्यांचे फोटो अजून माझ्याकडे आहेत. या कामाचा एकही फोटो नाही. आवाज गेल्याचा फोटो येत नाही.

पण त्या शनिवारचं जेवण माझ्या लक्षात आहे. ऋतुजानं आम्हाला सोडलंच नाही. शेंगांची चटणी, ज्वारीच्या भाकरी, डब्यातून आणलेलं दही. टेबल लहान, माणसं सहा. सेल्वम जोहोरच्या ट्रॅफिकबद्दल सांगत होता, इरा शाळेतलं भांडण सांगत होती, ऋतुजा भाकरी घ्या म्हणत होती, प्रसाद एकाच वेळी रडून हसून काहीतरी बोलत होता, मीही आवाज चढवून रिटर्नच्या जाळीवर व्याख्यान देत होते. इतके दिवस त्या टेबलाशी ओरडून बोलायची सवय सगळ्यांना लागली होती आणि ती एका दिवसात जाणार नव्हती.

आण्णांनी घास हातात धरून आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"अरे, हळू बोला की," ते म्हणाले. "मला सगळं ऐकू येतंय."